'इथे जात आणू नका' म्हणणारे कोरियन मालिका कशा बघतात?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कोरियन मालिका बघणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी दोनेक वर्षं आहे. देशभरातली माणसं आहेत, बहुतेक मुलीच. बोलणं हिंदी-इंग्रजी मिसळून चालतं. त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून 'मिस्टर सनशाइन' पुन्हा बघायला घेतली होती.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युजीन चोई हा जुन्या कोरियातल्या, म्हणजे जोसॉन राज्यातल्या, गुलाम आईबापांचा मुलगा. मालकामुळे आईबाप जिवानिशी जातात, पोरगा पळून अमेरिकेला पोचतो आणि अमेरिकन सैन्याचा अधिकारी होऊन परत येतो. को ए-शिन ही उमराव घराण्यातली मुलगी, जपान्यांविरुद्ध लपूनछपून बंदूक चालवणारी. एका प्रसंगात तो तिला विचारतो की तू जो देश वाचवायला निघाली आहेस, त्या देशात राहणार कोण? खाटकाला तिथे जगता येईल का? गुलामाला येईल का?

ग्रुपवर त्या प्रसंगाचे स्क्रीनशॉट पडायला लागले. कुणी रडल्याच्या इमोजी टाकल्या, कुणी तो प्रश्न स्टेटसला ठेवला, कुणी लिहिलं की लेखिकेच्या हाताचं चुंबन घ्यावंसं वाटतं. मीही दोन ओळी लिहिल्या. लिहिलं की हाच प्रश्न आपल्याकडे बाबासाहेबांनी १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींपुढे ठेवला होता. आपल्याला मायभूमी नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

वीस मिनिटांत माझी पोस्ट काढून टाकली गेली. अ‍ॅडमिनचा निरोप आला, तोही अगदी गोड शब्दांत: 'प्लीज, इथे जात आणू नका. आपण सगळे इथे रिलॅक्स व्हायला येतो.'

खाटकाचा आणि गुलामाचा प्रश्न मोबाइलच्या स्टेटसवर चालला. तोच प्रश्न आपल्या देशातल्या माणसाने विचारला होता, हे सांगणं मात्र चाललं नाही. हा लेख त्या अ‍ॅडमिनवर राग काढण्यासाठी लिहीत नाही. या मालिकांवर आपल्याकडे जी चर्चा होते, ती काय बघते आणि काय बघायचं टाळते, याबद्दल थोडं बोलायचं आहे. आणि आपल्यासारख्यांनी त्या चर्चेतून बाहेर पडू नये, हेही सांगायचं आहे.

आधी एक कबुली. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, आता पीएच.डी. करतेय आणि कोरियन मालिका बघते. चळवळीतल्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. घरातली पहिली पदवीधर असलं की आपण काय बघतो, काय वाचतो, याचाही हिशेब द्यावा लागतो. अभ्यास सोडून सिरीयल बघतेस? आणि तीही कोरियन? पण आमच्या घरात हे काही नेटफ्लिक्सपासून सुरू झालेलं नाही. २००६ च्या सुमारास दूरदर्शनवर 'ज्युएल इन द पॅलेस' ही कोरियन मालिका हिंदीत डब करून दाखवली जात होती. मी नऊ वर्षांची होते. आई शिलाई मशीन थांबवून बघायची. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात राबणारी एक पोरगी पुढे राजाची वैद्य होते, एवढंच आम्हाला कळायचं. मोठेपणी पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आलं की त्या पोरीचं लहानपण हीन मानलेल्या वस्तीत लपून जातं. तिचे आईबाप जीव वाचवण्यासाठी 'बेकजोंग' म्हणून राहत असतात.

हा बेकजोंग शब्द इथे थांबून समजून घेऊ. 'मिस्टर सनशाइन'मधल्या त्या प्रश्नातही मूळ कोरियनमध्ये हाच शब्द आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं 'बुचर' होतं. इंग्रजीत बुचर म्हणजे मटणाचं दुकान चालवणारा माणूस. आज दुकान बंद केलं तर उद्या तो बुचर राहत नाही. बेकजोंग तसे नव्हते. जनावरं कापणं, कातडी कमावणं, बुरूडकाम ही कामं पिढ्यानपिढ्या त्यांच्याच गळ्यात होती. त्यांनी वेगळ्या वस्तीत राहायचं. इतर पुरुष घालतात ती घोड्याच्या केसांची काळी टोपी त्यांनी घालायची नाही. दुसऱ्यांच्या लेकरांपुढेही वाकून बोलायचं. लग्न आपसातच. हे वर्णन मराठी माणसाला समजावून सांगायची गरज आहे का? आपल्या भाषेत तर 'खाटीक' हा शब्द उच्चारला की धंदा आणि जात दोन्ही एकदम येतात, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतही तो आहे. ही सबटायटलं मराठीत असती तर जात लपली नसती. इंग्रजीतून बघणाऱ्या आपल्या सुशिक्षित प्रेक्षकाला 'बुचर' वाचून एक बिचारा गरीब माणूस दिसतो. जात दिसत नाही, म्हणून रडायला सोपं जातं.

आता मालिका बाजूला ठेवून इतिहास बघू. १८९४ मध्ये कोरियात कायद्याने गुलामी आणि जन्माधारित दर्जे रद्द झाले. कागदावर. पाक सोंग-चुन नावाचा एक बेकजोंग होता, त्याने आपल्या लोकांना ती काळी टोपी घालता यावी म्हणून सरकारकडे अर्ज केले. १८९८ मध्ये सोलमधल्या मोठ्या जाहीर सभेत तो उभा राहून बोलला. त्याचा मुलगा पाक सो-यांग १९०८ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकाच्या पहिल्या सात पदवीधरांपैकी एक झाला. त्याच्यावरून सुचलेला नायक 'जेजुंगवॉन' या २०१० च्या मालिकेत आहे. १९०७ मध्ये इकडे भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले होते. दोन देश, दोन पहिल्या पिढीचे विद्यार्थी, वर्षभराचं अंतर.

पदवी मिळाली म्हणून सगळ्यांचं भागलं नाही. जपानी राजवटीत कुटुंबाच्या नोंदवहीत बेकजोंगांची वेगळी खूण राहिली आणि त्यांच्या मुलांना शाळेत घेईनात. जिंजू गावातल्या एका पैसेवाल्या बेकजोंगाच्या मुलालाही शाळेने नाकारलं. त्यातून एप्रिल १९२३ मध्ये तिथे 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. नावात तराजू आहे, दोन्ही पारडी सारखी असलेला. खाटकाच्या हातातली वस्तू त्यांनी समतेची खूण केली. जपानमधल्या बुराकू लोकांनी वर्षभर आधी, मार्च १९२२ मध्ये, क्योटोत 'सुइहेइशा' स्थापन केली होती आणि या दोन संघटनांचा एकमेकींशी संपर्कही होता. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. तो कागदावरच राहिला म्हणून १९२७ मध्ये महाडला जावं लागलं. आशियात एकाच दशकात हे सगळं घडत होतं. शाळेच्या पुस्तकात आपल्याला यातलं काहीच कुणी एकत्र सांगितलं नाही. मला हे एका मालिकेमागे शोधत गेल्यामुळे सापडलं.

म्हणून या मालिकांवरची चर्चा मला फालतू वाटत नाही. उलट, या ग्रुपवरच्या मुली फार बारकाईने बघतात. कोरियन भाषेत बोलण्याचे दर्जे असतात. बानमाल म्हणजे आपलं अरे-तुरे आणि जोंदेनमाल म्हणजे अहो-जाहो. नायकाने कोणत्या भागात, कोणत्या वाक्यात अहो-जाहो सोडून अरे-तुरे धरलं, यावर इथे तासभर वाद होतो. बॉसने कामवालीला कसं हाक मारलं, सासूने गरीब सुनेपुढे पाकीट कसं सरकवलं, श्रीमंताच्या पोराला 'सोन्याचा चमचा' आणि गरिबाच्या पोराला 'मातीचा चमचा' का म्हणतात, हे सगळं त्यांना पाठ असतं. माणसामाणसातली उतरंड ओळखण्याचं हे शिक्षणच आहे. फुकट मिळालेलं आणि आवडीने घेतलेलं.

मग हीच नजर घरात का चालत नाही? ज्या मुलीला कोरियन सेक्रेटरीच्या वाकण्याचा कोन कळतो, तिला सोसायटीच्या गेटवरच्या साठ वर्षांच्या गार्डला आपले वडील 'तू' म्हणतात हे ऐकू येत नाही. स्वयंपाकाच्या बाईंचा कप वेगळा आहे, हे दिसत नाही. कोरियात जे 'हायरार्की' असतं, ते इथे आलं की 'आपली पद्धत' होतं.

'इथे राजकारण नको' हा नियम तरी सगळ्यांना सारखा लागतो का? जून २०२० आठवा. ब्लॅकपिंक या कोरियन गटाच्या गाण्याच्या व्हिडिओत गणपतीची मूर्ती जमिनीवर ठेवलेली दिसली. भारतीय चाहत्यांनी रान उठवलं, आणि कंपनीने ती मूर्ती व्हिडिओतून काढून टाकली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की इथे धर्म आणू नका, आपण रिलॅक्स व्हायला आलोय. २०२३ मध्ये 'किंग द लँड' मालिकेतल्या अरब राजपुत्राच्या चित्रणावर अरब प्रेक्षकांनी आक्षेप घेतला, तेव्हाही निर्मात्यांना माफी मागावी लागली. म्हणजे चाहत्यांच्या टीकेत ताकद आहे, आणि ती कुठे वापरायची हेही त्यांना चांगलं कळतं. भावना दुखावली तर ती संस्कृती. जातीचं नाव घेतलं तर ते राजकारण. हा फरक कोण ठरवतं, ते आपण विचारलं पाहिजे.

आता नोएडाबद्दल. मी इथे सेक्टरांच्या मधे उरलेल्या एका जुन्या गावात भाड्याच्या खोलीत राहते. कोरिया आमच्यापासून लांब नाही. सेक्टर ८१ मध्ये सॅमसंगचा मोबाइलचा अवाढव्य कारखाना आहे. ९ जुलै २०१८ रोजी पंतप्रधान मोदी आणि कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन यांनी त्याचं उद्घाटन केलं. 'मिस्टर सनशाइन'चा पहिला भाग कोरियात त्याच्या दोनच दिवस आधी, ७ जुलैला, दाखवला गेला होता. याच शहरात सेक्टर ९५ मध्ये राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ आहे. मायावतींनी १४ ऑक्टोबर २०११ रोजी, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशीच, त्याचं उद्घाटन केलं. बाबासाहेब, जोतिबा, कांशीराम यांचे पुतळे आणि दगडी हत्तींची रांग. रविवारी तिथे गेलं की बरं वाटतं. सोमवारी खोली शोधायला गेलं की मालकीण विचारते, 'बेटा, आगे क्या लगाती हो?'

माझा संशोधनाचा विषयच भाड्याची घरं आणि जात हा आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, गुडगाव, फरीदाबाद, गाझियाबाद आणि नोएडा या शहरांत पाहणी केली होती, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. घर हवं म्हणून सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अशा वेगवेगळ्या नावांनी विचारणा केली, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांना नकार जास्त आले. त्याआधी माझ्याकडे याचा पुरावा म्हणून फक्त स्वतःचा अनुभव होता. नोएडात मी तीन खोल्या बदलल्या. दुसऱ्या खोलीच्या वेळी मी आडनाव सांगितलं नाही. वडिलांचं नावच आडनाव म्हणून सांगितलं आणि भाडेकरारापुरतं आधार कार्ड दाखवताना मालकिणीचं लक्ष नसू दे, असं मनात म्हणत बसले. आठ महिने तिथे राहिले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला नाही. तो फोटो बॅगेत, कपड्यांखाली होता. हे लिहिताना आजही लाज वाटते. ती कुणाला वाटायला हवी, हे समाजशास्त्र शिकल्यामुळे माहीत आहे, तरी मलाच वाटते.

अशा काळात मी 'द टेल ऑफ लेडी ओक' पाहिली. २०२४ च्या शेवटी आलेली मालिका. गू-देओक ही गुलाम मुलगी मालकांच्या छळातून पळते. तिच्याशी माणसासारखं वागणारी एक उमराव मुलगी मरते, आणि लोक हिलाच ती समजतात. पुढे ती त्याच नावाने जगते, लग्न करते, आणि ज्यांना कुणी वाली नाही त्यांच्यासाठी न्यायकचेरीत उभी राहते. ग्रुपवर या मालिकेची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरायची: ती पकडली कधी जाणार? सगळ्यांना त्यात थ्रिल होतं. मी मात्र प्रत्येक भाग पोटात गोळा घेऊन बघत होते. कुणी जुना ओळखीचा भेटला, कुणी गाव विचारलं, कुणी हातावरचा डाग पाहिला तर? हे थ्रिल आपल्यातल्या कितीतरी जणांना रोजच्या रोज, पगार न घेता, जगावं लागतं.

मराठी वाचकाला यासाठी कोरियापर्यंत जावं लागत नाही. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ मध्ये आला. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो आणि उघडी पडल्यावर मार खातो. त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. मी ग्रुपवर लेडी ओकच्या चर्चेत बागुलांचं नाव लिहिलं नाही. आधीचा अनुभव ताजा होता.

एक आक्षेप येणार, तो रास्त आहे. कोरियातली ती व्यवस्था आणि आपली जात एकच नाही. खरंच नाही. तिथे हजारो जातींची चळत नव्हती, शास्त्रांनी तिला तसा आधार दिलेला नव्हता, आणि गुलामी व बेकजोंग यातही फरक होता. सगळ्यात मोठा फरक पुढचा आहे. १९५० ते ५३ च्या युद्धात तिथली गावंच्या गावं उठली, माणसं शहरांत मिसळली, आणि आज कोरियात आपण बेकजोंगांचे वंशज आहोत असं सांगणारं कुणी सहसा भेटत नाही. तिथे तो कलंक बराचसा पुसला गेला, पण ओळख लपवत लपवत. म्हणून ते आज त्यावर निर्धास्तपणे सुंदर मालिका काढू शकतात. ती त्यांच्यासाठी जुनी गोष्ट आहे. आपल्याकडे ती चालू गोष्ट आहे, आणि म्हणूनच आपल्या ग्रुपवर ती डिलीट होते. लपून विरघळण्याचा रस्ता बाबासाहेबांनी आपल्याला दाखवला नाही. त्यांनी १९५६ मध्ये नागपुरात लाखो लोकांसमोर, उघडपणे, रस्ता बदलला. दोन्हीची तुलना करताना हे विसरायचं नाही.

पण फरक आहेत म्हणून तुलनाच करायची नाही, हे मला मान्य नाही. लांबच्या माणसांची गोष्ट आपल्या बाजूने वाचणं ही आपली जुनी रीत आहे. जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. ते अमेरिकेला कधी गेले नव्हते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचं नाव ठेवलं. त्या सगळ्यांना कुणीतरी म्हणालंच असेल की तिकडचं तिकडे, इकडे आणू नका.

म्हणून पहिल्या पिढीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढंच सांगायचं आहे. मालिका बघण्याची लाज सोडा. पण फक्त बघू नका, लिहा. थिसिसची भाषा नको. आईला समजेल अशा मराठीत दोन पानं पुरेत. सबटायटलमध्ये 'बुचर' दिसलं की मूळ शब्द शोधा. गरीब-श्रीमंत म्हणून जे दाखवलंय, त्यात जन्माचा भाग किती आहे ते विचारा. आपल्याकडच्या मालिकांत आपण कुठे आहोत, कोणत्या नावाने, कोणत्या कामावर, हेही विचारा. समीक्षा ही पदवीबरोबर आपोआप मिळत नाही आणि ती कुणाच्या बापाची जहागीरही नाही. ग्रुपवर पोस्ट काढली तर स्वतःकडे जपून ठेवा, दुसरीकडे टाका.

माझी ती पोस्ट निघाली त्या रात्री एका मुलीचा खाजगी निरोप आला. दोन वर्षांत आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. तिने ग्रुपवर फक्त पाळण्यातलं नाव ठेवलं होतं, मीही तेवढंच. तिने मराठीत लिहिलं होतं, 'ताई, काढायच्या आधी वाचली मी. तुम्ही पण का?' मी 'हो, जय भीम' असं लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं. ती मराठवाड्यातली, सध्या गाझियाबादला नोकरी करते, आणि तिच्याही रूमवर फोटो लावलेला नाही.

आता आम्ही पाच जणी मिळून 'जेजुंगवॉन' बघतोय. दर रविवारी एक भाग, नंतर तासभर मराठीत चर्चा. आमच्या ग्रुपवर जात आणायला परवानगी आहे. आणि या महिन्यात, तिसऱ्या खोलीत, मी भिंतीला खिळा ठोकला.